पाट्यांची कोपी

“ऊसच तोडायचा असेल तर पोरगी इथं कशाला ठेवता? फडात न्या.” हे वाक्य माझं आहे. बारावीत असताना, भर दुपारी, एका पाच वर्षांच्या मुलीच्या बापाला मी ते तिच्यादेखत ऐकवलं. तो माणूस वयाने माझ्या दुप्पट होता आणि मी रागात बोललो हे त्याला कळायला हवं होतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. त्याने तो राग धरला नाही, सल्ला धरला. शिकलेला पोरगा सांगतोय तर तसंच असेल, असं समजून तो मुलीला घेऊन गेला. माझ्या लहानपणाबद्दल आजवर जे लिहिलं त्यात मी बरा दिसतो. गरिबीतून शिकलो, मास्तर झालो, वगैरे. ते खोटं नाही. पण ते लिहिताना या दुपारपाशी आलो की दर वेळी मी वळसा घालून पुढे गेलो. आता वळसे घालायचाही कंटाळा आला आहे.

आमचं घर चौसाळ्याच्या हमरस्त्यापासून बरंच आत, ओढ्याच्या अंगाला. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. सकाळी पहिला आवाज दादांच्या सायकलच्या चेनचा. दादा म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचे. मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग सगळ्या गल्लीतून घागरी घासत निघाल्याचा. न्याहारीला शिळी भाकरी, तिच्यावर तेल आणि कारळाची चटणी. थंडीत हुलग्याचं माडगं असायचं. ते भुरकायचा आवाज दादांना आवडायचा नाही, पण सगळ्यात मोठ्याने भुरकायचे तेच. दर रविवारी संध्याकाळी बुद्धवंदना झाली की दादा माझी आणि गल्लीतल्या दोन-चार पोरांची पाटी बघायचे. त्यांना स्वतःला सहीपुरतंच येत होतं. तरी पाटी हातात घेऊन ती उजेडाकडे धरायचे, अक्षरं वळणदार आहेत की नाहीत एवढं त्यांना कळायचं.

पाणी सोडायचं काम मिळण्याआधी दादांनी आणि आईने कितीतरी हंगाम ऊस तोडला होता. माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, सगळं लहानपण फडावरच्या कोप्यांमध्ये गेलं; उसाच्या पाचटाची ती त्रिकोणी झोपडी, वाकून आत जायची. माझ्या वेळेला ते सुटलं होतं. काम लागलं त्या दिवशी दादांनी आपला कोयता घराच्या आढ्यात खोचला आणि आईला म्हणाले, “ह्या घरात आता पाटी ऱ्हाईल. कोयता खाली उतरवायचा न्हाई.” आईने नारळ फोडायलासुद्धा तो कधी खाली घेतला नाही. पाटीला चुकून पाय लागला तर दादांचा हात उठायचा. त्यांनी मला आयुष्यात जे तीन-चार वेळा मारलं असेल ते सगळं पाटीपायी. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण त्या दुपारी मला नेमकं काय दिसलं ते या घरात वाढल्याशिवाय दिसलं नसतं.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. लग्न होऊन गेली आणि दोनेक वर्षांनी एक ट्रंक घेऊन परत आली. कुणी काही विचारलं नाही. आईने तिच्यापुढे भाकरी ठेवली, एवढंच. दहावी झालेली होती म्हणून गावातली बालवाडी तिच्याकडे आली. समाजमंदिराची एक खोली, पुढे कडुलिंबाचं झाड आणि मोकळं पटांगण. पोरं बहुतेक ऊसतोड्यांचीच, काही आमच्या वस्तीतली, काही तांड्याकडची. सरकारी खेळणी म्हणून आलेल्या पेटीत एक चाक नसलेली मोटार होती आणि थोडे लाकडी ठोकळे. ते ठोकळे अक्काने पोरांना देऊन टाकले होते. पोरांनी ते कुठे पुरले होते ते मला कधी कळलं नाही.

अक्का शिकवायची काय, हे मला त्या वयात सांगता आलं नसतं. ती बसायची. लिंबाखाली गोधडी घेऊन टाके घालत बसायची आणि पोरांना सामान द्यायची. तुरीच्या तुराट्या, फाटलेली पोती, आईचं जुनं लुगडं, नारळाच्या करवंट्या, चिंचोके, सुतळी. काय करा ते सांगायची नाही. दहा-साडेदहाला घरून डबा यायचा, कधी मटकीच्या घुगऱ्या, कधी सुकडी. तेव्हा ती एकदा हाक मारायची. मारामारी झाली तर उठायची. नाहीतर नाही. मी एकदा कॉलेजवरून येताना थांबून विचारलं, “तू शिकवतीस कधी?”

“मला कुठं काय येतंय शिकवायला?”

“मग बसून राहतीस नुसती?”

“वरडलं की माझं डोकं दुखतंय. तुझं दुखत नसंल तर तू वरड.”

पटांगणाच्या पलीकडच्या पोरांनी तेवढ्यात आम्हाला दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही त्यांच्या रस्त्यात उभे होतो आणि त्यांची गाडी अडली होती.

त्यांचा खेळ एकच होता, पण तो रोज वेगळा चालायचा. दसरा जवळ आला की त्याला ऊत यायचा. गाव ऊसतोडीला निघायचं. दोन पोरं बैल व्हायची, बाजेची एक मोडकी चौकट म्हणजे गाडी, त्यावर पोती आणि करवंट्या. भग्या नावाचा एक दांडगा पोरगा कायम टोळीचा मुकादम. लिंबाला दोन वेढे मारले की कारखाना आला. तिथे तुराट्या रोवून, वर लुगडं टाकून कोपी उभी करायची. बाभळीच्या चपट्या काटक्या म्हणजे कोयते. ज्वारीची ताटं तोडायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन पळायचं, आणि मग वजनाला गाडीचा नंबर लागत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून गप बसून राहायचं. हे गप बसणं ते इतकं मनापासून करायचे की एकदा रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने थांबून विचारलं, लेकरांना शिक्षा केली काय म्हणून.

कोपी रोज पडायची. तुराट्या जमिनीत उभ्या राहत नसत. भग्या म्हणायचा, दगड लावा. दुसरा म्हणायचा, खड्डा करा. ऊसतोडीला जाणाऱ्या सोपानतात्यांची पाच वर्षांची गंगू, ती बोलायची कमी, एक दिवस तिने चार पोरांना चार तुराट्या धरून नुसतं उभं केलं आणि स्वतः अक्काच्या खांद्यावर चढून वरची टोकं सुतळीने एकत्र बांधली. मग पोरांना म्हणाली, “आता सोडा.” त्यांनी भीत भीत सोडलं. कोपी उभी राहिली. अक्का हसली नाही की शाबास म्हणाली नाही. खांद्यावरची माती झटकली आणि सुई शोधायला लागली.

या खेळात गंगू कधीच कारखान्याला जायची नाही. ती गावात मागे राहणारी म्हातारी व्हायची. तोंडावर लुगड्याचा पदर ओढून लिंबाच्या मुळीवर बसायची आणि निघणाऱ्या प्रत्येक गाडीशी हुज्जत घालायची. “ह्याला ठिवा माझ्याकडं.” “न्हाई, त्यो रडंल.” “रडू द्या. मी भाकर दीन.” “त्याला कोण सांभाळल?” “मीच की बे, मी कशाला बसले मग?” बहुतेक दिवशी ती एक-दोन पोरं मागे ठेवून घ्यायचीच. मग ती ठेवलेली पोरंही कंटाळायची, कारण मागे राहण्यात खेळ कमी. तर त्यांच्यासाठी तिने मागे राहणाऱ्यांची शाळा काढली. शाळेत काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते अक्कासारखे नुसते बसायचे आणि चिंचोके हातात घेऊन खोटे खोटे टाके घालायचे.

आता मी प्रशिक्षणांत जातो, अंगणवाडीच्या ताईंना समोर बसवून सांगतो की लहान मुलांना मिळून खेळू द्यावं, खेळाचा शेवट आपण ठरवू नये, साहित्य द्यावं आणि बघावं. पडद्यावर चित्रं असतात. कुठल्या तरी परमुलखातली पोरं काठ्यांचं घर बांधताना. मी काठीने दाखवतो. बघा, एक धरतोय, एक बांधतोय. ताई लिहून घेतात. मी त्या वेळी मध्येच थांबून पाणी पितो. लोकांना वाटतं सर बोलून दमले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला अक्काला बीडला प्रशिक्षणाला बोलावलं. मदतनीस बाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. माझी सहामाही संपून सुट्टी लागली होती. अक्का म्हणाली, “मिलिंद, तू बस तेवढे दिवस. घुगऱ्या आई देईल. फक्त त्यांच्या खेळाला हात लावू नको.” मी हो म्हणालो. हो म्हणताना माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं.

त्याआधी थोडे दिवस चौसाळ्याला एका इंग्रजी शाळेचं गॅदरिंग मी बघितलं होतं. टाय बांधलेली चिमुकली पोरं रांगेत उभी राहून एका सुरात काहीतरी म्हणत होती. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण माझ्या शेजारी उभे असलेले पालक ज्या नजरेने बघत होते ती नजर मला पाठ झाली. आणि आमची पोरं तिकडे लिंबाखाली काटकीचे कोयते घेऊन ऊस तोडत होती. शाळेच्या वेळेत. सरकारी बालवाडीत. ज्यातून दादांनी आम्हाला ओढून काढलं तेच आमची अक्का त्यांना खेळायला देत होती. मला याची खरोखर लाज वाटायची. मी दुष्टपणाने वागलो असतो तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

पहिल्याच दिवशी मी कोपी मोडली. तुराट्या आईच्या चुलीला नेऊन दिल्या. काटकीचे कोयते गोळा केले, भग्याने एक पाठीमागे लपवला तो हिसकून घेतला, आणि सगळे समाजमंदिरामागच्या पाणी तापवायच्या चुलवणात घातले. पोरं बघत उभी होती. कुणी रडलं नाही. मग मी त्यांना खोलीत रांगेत बसवलं, दादांकडून मागून आणलेल्या जुन्या पाट्या वाटल्या आणि अंक म्हणायला लावले. चार-सहा दिवसांत ती सुरात म्हणायलाही लागली. आया दारात येऊन उभ्या राहायच्या. “आता कशी शाळा वाटायली,” असं एक जण म्हणाली आणि मला चौसाळ्याची ती नजर परत मिळाली. दादा पाणी सोडून येताना एकदा खिडकीशी थांबले, आत रांग बघितली, पाट्या बघितल्या, आणि सायकलवर बसले. घरी आल्यावर आईला म्हणाले, “पोरगं नाव काढील.” मला ते पडवीतून ऐकू आलं. त्या रात्रीची भाकरी मला अजून आठवते, आईने वर तुपाचं बोट फिरवलं होतं.

गंगूने मात्र बोलणं बंद केलं. आधीच कमी बोलायची, तर माझ्या लक्षात आलं नाही. मुलगी शांत बसते म्हणून मला ती शहाणी वाटली.

मग ती दुपार. घुगऱ्या खाऊन झाल्या होत्या. मी दाराशी बसून माझा अभ्यास करत होतो आणि आत पोरांचा सूर चालू होता, निदान मला तसं वाटत होतं. सोपानतात्या आले. उंच, थोडे वाकलेले, डोक्याला गमचा. तात्या तोडीला जायच्या तयारीत होते. टोळीचा ट्रॅक्टर दोन-चार दिवसांत लागणार होता. ते दाराबाहेरच थांबले, चप्पल काढून. माझ्यासारख्या पोरापुढे चप्पल काढून.

“मास्तर,” ते म्हणाले. चेष्टेने नव्हे. “एक विचारायचं व्हतं. गंगी म्हणायली मी येत न्हाई. आज्जीपशी ऱ्हाते, अक्काच्या शाळेत जाते म्हणायली. आज्जीबी हो म्हणायली. हिनं तिला कसं पटवलं काय म्हाईत. आता मला कळंना, ठिवावी का न्यावी. तिच्या आईचा जीव ऱ्हाईना तिच्याबिगर. अक्का असती तर तिला विचारलं असतं. तुमीबी शिकलेले. काय करू, सांगा.”

मी मोठ्या माणसासारखा पुस्तकात बोट घालून उठलो. त्यांना आतली रांग दाखवावी असं मनात होतं. म्हणून त्यांना दाराशी घेऊन आत बघितलं.

रांग नव्हती. मागच्या भिंतीला सगळी पोरं घोळक्याने बसली होती, इतक्या हलक्या आवाजात की मला दारात बसून कळलं नव्हतं. दोघं अंक म्हणत होते, फक्त मला ऐकू यावं म्हणून. आणि मधोमध पाट्यांची कोपी उभी होती. एका पाटीला दुसरी टेकवून, वर आडवी तिसरी, बाजूला आणखी, सगळ्या पाट्या वापरून. गंगू शेवटची पाटी ठेवत होती. जीभ दातांत धरून, भग्या दोन्ही हातांनी बाजू धरून बसलेला. दारात पाटीच्या लेखणीचे तुकडे उभे केलेले. ती माणसं असावीत. दोन तुकडे आत होते. तिने मागे ठेवून घेतलेले.

आज हे चित्र मला कुणी पडद्यावर दाखवलं तर मी अर्धा तास बोलेन. त्या दिवशी मला फक्त दिसलं की पाट्यांची कोपी केली आहे. आमच्या घरात ज्या पाटीला पाय लागला तर मार बसायचा, त्या दादांच्या पाट्या, त्यांचीच कोपी. मी आत गेलो. काय झालं ते मला नीट आठवत नाही असं मी म्हणू शकतो, पण आठवतं. मी पायाने कोपी उडवली. पायाने. दोन पाट्या फुटल्या. गंगूने हात मागे घेतला, तिच्या बोटाला लागलं होतं की नाही ते मी बघितलं नाही. मी वळून सोपानतात्यांना म्हणालो, “हिला पाटी दिली तर हिनं त्याची कोपी केली. ऊसच तोडायचा असेल तर पोरगी इथं कशाला ठेवता? फडात न्या.”

तात्या म्हणाले, “बरं. तुमी म्हणता तर.” त्यांनी गंगूला हाक मारली. ती उठली, फ्रॉकला हात पुसले आणि बापाच्या मागे निघून गेली. जाताना तात्यांनी दारात चप्पल घातली आणि मला मान लववली. मी उरलेल्या पोरांना पाट्या गोळा करायला लावल्या. फुटलेल्या दोन मी स्वतः उचलल्या आणि दादांना सांगितलं की पोरांच्या हातून पडल्या.

अक्का परत आली ती सकाळच्या एस.टी.ने. ट्रंक घरात न ठेवता आधी बालवाडीत आली. रांग बघितली. चुलवणापाशी राख बघितली. पोरं तिला बघून जागची उठली नाहीत, मी बसवलं होतं ना. तिने फक्त विचारलं, “गंगू कुठंय?”

“आली नाही.”

“कवापासून?”

मी पाट्या नीट लावायला लागलो. ती तशीच सोपानतात्यांच्या घराकडे गेली. ट्रॅक्टर लागला होता, बाजा, भांडी, शेळी, सगळं चढत होतं. तिथे काय झालं ते मला नंतर आईकडून कळलं. अक्काने तात्यांना सांगितलं, पोरीला ठेवा, मी बघते. तात्या म्हणाले, “अक्का, तुमच्याच भावानं सांगितलं न्यायला. हुशार पोरगं हाय. त्याला पोरीचं कळलं असंल.” गंगू वर सामानात बसली होती. म्हातारी आज्जी खाली उभी राहून रडत होती, पोरीने तिला तयार केलं होतं आणि आता पोरगीच चालली होती. ट्रॅक्टर निघाला तो आमच्या घरावरून गेला. त्याचा आवाज मी पडवीत बसून ऐकला. अभ्यास करत होतो.

दुपारी अक्काने मला विचारलं, “तू सोपानला काय म्हणलास?”

“काही नाही. त्यांनीच न्यायची म्हणून सांगितलं.”

मला वाटलं आता ओरडेल. तिने गोधडी घेतली आणि टाके घालायला बसली. खेळाचं सामान तिने परत जमवलं, तुराट्या आल्या, लुगडं आलं. पण त्या मोसमात गाव निघायचा खेळ पुन्हा झाला नाही. मागे राहिलेली पोरं थोडीच होती आणि मागे ठेवून घेणारी म्हातारी नव्हती.

गंगू वैशाखात परत आली. कडेवर नुकता झालेला भाऊ होता. पुढल्या वर्षी पुन्हा गेली, कारण आता तो भाऊ सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. शाळेत नाव लागलं, कधी आली, कधी नाही. तिसरी-चौथीपर्यंत ते चाललं असेल. मग लग्न, टोळ्यांमधल्या पोरींचं होतं तेवढ्या लवकर. तोवर मी डी.एड. होऊन दूरच्या तालुक्यात मास्तर झालो होतो. ती राहिली असती तर शिकलीच असती असं मी म्हणत नाही. आमच्या गावातून मागे राहिलेली सगळी पोरं काही शिकली नाहीत. पण त्या वर्षी राहायचं तिने ठरवलं होतं. पाच वर्षांच्या मुलीने, रोज खेळून खेळून, लिंबाच्या मुळीवर बसून, आपलं राहायचं ठरवलं होतं आणि आज्जीला पटवलं होतं. ते मी एका वाक्यात मोडलं.

मागच्या उन्हाळ्यात केजला एका प्रशिक्षणात मी ते काठ्यांच्या घराचं चित्र दाखवत होतो. मागच्या रांगेतल्या एका ताईंनी हात वर केला. “सर, आमच्याकडं पोरं ऊसतोडच खेळतात. कोप्या करतात. पालक म्हणतात बंद करा. तर तुमी काय म्हणता, बंद करावं का?” प्रश्न साधा होता आणि उत्तर माझ्याकडे होतं, छापील होतं. पण जेवणाची सुट्टी करू या, असं म्हणून मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. त्या ताईंना मी उत्तर दिलं ते दुपारी, आणि छापील दिलं नाही. बंद करू नका म्हणालो. मी एकदा केलं होतं, एवढंही म्हणालो. पुढचं म्हणालो नाही.

तिथून मी अक्काकडे गेलो. आई-दादा गेले, अक्का अजून त्याच घरात राहते, आढ्यात कोयता अजून खोचलेला आहे. ती पडवीत शेंगा फोडत होती. मी तिला ते वाक्य सांगितलं आणि मी तिच्याशी खोटं बोललो होतो तेही सांगितलं. तिने माझ्यापुढे शेंगा सारल्या.

“मला म्हाईत हाय.”

“तू बोलली नाहीस कधी.”

“तू बोलशील म्हणून थांबले. तू लई वेळ लावला.” मग म्हणाली, “पण मला कशाला सांगतोस? माझं काय गेलं? जा की तिच्याकडं. नांदूरघाटच्या तिकडं दिलीय. आता टोळ्या आल्यात, घरीच असंल.”

“ती काय म्हणेल?”

“ते मला काय म्हाईत. तू का तिचं उत्तर ठरवून जाणार हायस?”

घर सापडायला वेळ लागला. पत्र्याचं, दारात शेवग्याचं झाड. गंगूने मला ओळखलं नाही. अक्काचा भाऊ म्हटल्यावर पदर सावरून हसली, पाणी दिलं, मग चहा ठेवला. अंगाने बारीक, तळहात काळे पडलेले. बाजेवर एक म्हातारा बसला होता, डोक्याला गमचा. सोपानतात्या. आता लेकीकडेच राहतात. फडावर जाणं झेपत नाही, म्हणून लेक-जावई गेले की नातवाला घेऊन तात्या मागे राहतात. “त्याला अंगणवाडीत मीच सोडतो,” म्हणाले. “म्हातारी कवाच गेली. आता मीच म्हातारी.” आणि दात नसलेल्या तोंडाने हसले. नातू चार-पाच वर्षांचा, शेवग्याखाली विटांचे तुकडे रचत होता.

मी आल्याचं कारण सांगायला सुरुवात केली. गंगूने ऐकलं आणि म्हणाली, “मला न्हाई आठवत, सर. मला कोपी आठवती. पाट्यांची. लई चांगली उभी ऱ्हाईली व्हती.” मग म्हणाली, “तुमी काय म्हणला व्हता?”

हे मी धरून आलो नव्हतो. तिला ते आठवत असेल, मला फक्त वाईट वाटतं म्हणायचं आहे, असं मी समजून आलो होतो. मी तात्यांकडे बघितलं. ते नातवाकडे बघत होते. त्यांना आठवत होतं, पण माझ्यासाठी ते बोलणार नव्हते. म्हणून ते वाक्य मीच पुन्हा म्हटलं. तिच्या घरात, तिच्या चहाचा कप हातात धरून, शब्द न बदलता.

तिने चुलीवरचं पातेलं उतरवून खाली ठेवलं. तात्या म्हणाले, “मला वाटलं, शिकलेलं पोरगं हाय. त्याला कळत असंल.”

“तात्या, मला काही कळत नव्हतं.”

“आता कळतंय का?” गंगूने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

“थोडं.”

बाहेर विटांचं काहीतरी कोसळलं. पोरगा उठला, पुन्हा बसला, पुन्हा रचायला लागला. कुणी त्याला काही म्हणालं नाही. मी कप खाली ठेवला.

“गंगू, तुला राहायचं होतं,” मी म्हणालो. “तू राहायचं ठरवलं होतंस आणि मी तुझी कोपी पायाने मोडली, आणि तुझ्या बापाने विश्वासाने विचारलं तेव्हा त्यांना तुला न्यायला सांगितलं. नंतर अक्काला मी काही म्हणालोच नाही असं सांगितलं. माझं चुकलं. तात्या, तुम्हालाही मी चुकीचं सांगितलं. मला माफ करा.”